फ्लाइट जॅकेटची चेन खालून सारखी सुटतेय? नवी चेन आणण्याआधी कमरेची रिब मोजा

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. उभं राहून चेन लावली की रनर गळ्यापर्यंत सरसर जातो, कुठे अडत नाही. गाडीवर बसून चार-पाच किलोमीटर गेलं की पोटापाशी दात सुटायला लागतात आणि फट वर वर सरकते. रनर वरच असतो, खाली सगळं उघडं. मग रस्त्याच्या कडेला थांबून गार पडलेल्या बोटांनी रनर खाली ओढायचा, तो निम्म्यावर रुतून बसणार, आणि शेवटी जॅकेट स्वेटरसारखं डोक्यावरून काढायचं.

माझी नोकरी अक्कलकोटला. सोलापुरातून रोज सकाळी चाळीसेक किलोमीटर बाइक. आपल्याकडे थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीचे दीड-दोन महिने, पण पहाटे सहाला उघड्या माळावरचा वारा छातीत घुसतो तेव्हा सोलापूर उष्ण शहर आहे हे पटत नाही. म्हणून मुंबईत रस्त्यावरून एक वापरलेलं तपकिरी जॅकेट घेतलं होतं, १,८०० रुपयांना. मेंढीचं पातळ चामडं, दोन झाकणाचे खिसे, मनगटाला आणि कमरेला रिब, म्हणजे विणलेली ताणणारी पट्टी. पायलट घालतात तसलं.

चार थंड्यांत तीन वेळा चेनची दुरुस्ती. पहिल्या वर्षी घरीच पकडीने रनर दाबला, महिनाभर चालला. दुसऱ्या वर्षी एका दुकानात प्लॅस्टिकची बारीक दातांची चेन बसवून घेतली. ती गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेत, दारूकाम बघायला होम मैदानावर खाली बसलो तेव्हा फाटली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचापण फटाका वाजला." तिसऱ्या वर्षी दुसऱ्या दुकानात, "आता पितळेची टाका, विषयच संपवा," म्हणून धातूची टाकली. ती सुटली नाही हे खरं. पण तिच्या बाजूचं चामडंच खालच्या टोकाला बोटभर फाटलं.

त्या फाटण्याने माझे डोळे उघडले. चेन कमजोर होती तेव्हा चेन सुटली, चेन मजबूत झाली तेव्हा चामडं गेलं. म्हणजे ताण तिसरीकडूनच येत होता.

तपासणी अशी करा, पाच मिनिटांचं काम आहे. जॅकेट सतरंजीवर सपाट पसरा आणि न घालता चेन वीस-पंचवीस वेळा लावून काढा. इथेही सुटत असेल तर दोष चेनचाच, त्यावर पुढे बोलतो. इथे सुटत नसेल तर जॅकेट घाला, चेन लावा, आरशासमोर स्टुलावर गाडीवर बसतो तसं बसा आणि हात पुढे हँडलवर असल्यासारखे धरा. आता खालचे दोन इंच बघा. माझ्या जॅकेटची चेन तिथे सरळ राहतच नव्हती. रिब दोन्हीकडून ओढत होती, आणि पिन व बॉक्सच्या जरा वर दातांची रांग सापासारखी वळलेली होती. पिन म्हणजे चेनच्या एका बाजूचं खालचं टोक आणि बॉक्स म्हणजे ते ज्यात खुपसतो तो चौकोन. पिनेजवळची कापडी फीत विसविशीत होऊन तिचे धागे सुटलेले दिसले तर निदान पक्कं समजा.

मग टेप काढली. चामड्याचा खालचा घेर भरला १०४ सेंटीमीटर. रिब ढिली असताना ६८, आणि जीव खाऊन ताणली तर ९२, त्यापुढे एक सूतही नाही. माझं माप, शर्ट-स्वेटरवरून, रिब जिथे बसते तिथे: उभा असताना ९१, बसून वाकल्यावर ९९. बसलं की सात सेंटीमीटर कमी पडत होते, आणि ते सात सेंटीमीटर चेनच्या टोकाकडून वसूल होत होते. त्यातून जॅकेट उन्हाळाभर पत्र्याखालच्या माळ्यावर पडलेलं. सोलापूरच्या मे महिन्यात तिथे पापड वाळतात, रिबमधल्या रबराच्या धाग्याची काय कथा. ती हाताला कडक लागत होती, दाबली तर बारीक कुरकुर ऐकू यायची.

हा घोळ बऱ्याच स्वस्त फ्लाइट जॅकेटांत का होतो, तर त्याचं मूळ त्यांच्या बेतण्यात आहे. यातली बरीचशी ज्याची नक्कल असतात ते ए-टू जॅकेट अमेरिकेच्या लष्करी एअर कोअरने १९३१ साली घेतलं. त्याआधीच्या १९२७ च्या ए-वनला पुढे बटणं होती, ए-टूला चेन आली. ते मुद्दाम आखूड असतं, बसल्यावर पोटावर गोळा होऊ नये म्हणून. आणि त्या काळच्या पँटी बेंबीपर्यंत यायच्या, त्यामुळे रिब कमरेच्या बारीक भागावर बसायची. बसलं तरी तिथला घेर फारसा वाढत नाही. आपल्या जीन्स कुल्ल्याच्या हाडावर. आखूड जॅकेट घातलं की मागून शर्ट दिसतो, म्हणून आपण ते खाली ओढतो, किंवा बनवणाराच दोन इंच लांब कापतो आणि रिब मात्र कमरेच्या मापाचीच ठेवतो. रिब चुकीच्या जागी बसते आणि शिक्षा चेनला होते.

आता रिब कुठून आणायची? मी आधी जुन्या स्वेटरचा घेर कापून बघितला. नका करू, कापलेल्या कडेचे टाके ओघळतात आणि ताण दिला की परत येत नाहीत. पण आपण सोलापुरात राहतो. इथे शाळांचे गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि ट्रॅकसूटच्या वरच्या कोटाला हीच रिब लागते. त्यांना माल देणाऱ्या एका दुकानात विचारलं तर गठ्ठाच समोर ठेवला. दोन-दोनची रिब घ्या, म्हणजे दोन टाके सुलट, दोन उलट. उभे पन्हाळे जाड दिसतात ती. हातात घेऊन दीडपट ताणा आणि सोडा. लगेच मूळ मापावर आली तर घ्या, आळसावून आली तर तिथेच ठेवा. तपकिरीचा रंग जुळणार नाही. मला गडद चॉकलेटी मिळाली, दिवसा फरक कळतो. मनगटाची रिबही त्याच थानातून बदलली तर मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

कापण्याआधी रिब पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. सुती मिश्रण आटतं, आणि चामड्याला शिवल्यावर आटलं तर पुन्हा पहिला पाढा.

मापाचा हिशोब. चामड्याच्या घेराच्या ८० ते ८५ टक्के इतकी कमरपट्टी, सगळं मिळून. माझे १०४ होते, म्हणून ८६ धरले. पण हे सगळे रिबचे ठेवले नाहीत. चेनच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटीमीटरचे चामड्याचे तुकडे लावले आणि मध्ये ७६ सेंटीमीटर रिब. सगळ्या दुरुस्तीतली महत्त्वाची गोष्ट हे दोन तुकडे आहेत. रिब थेट चेनला शिवलेली असेल तर प्रत्येक ताणाला ती चेनच्या फितीला वाकवते. मध्ये चामडं आलं की ओढ त्या तुकड्याच्या सात सेंटीमीटर उंचीवर पसरते आणि पिन-बॉक्स सरळ उभे राहतात. बऱ्या जॅकेटांत पुष्कळदा हा चौकोन असतो. स्वस्तात तोच वाचवतात. चामडं कुठलं? जुनी लेडीज पर्स, तुटकी बॅग, काहीही चालेल, फक्त जॅकेटपेक्षा जाड नको आणि रेक्झिन नको.

रिब दुहेरी घडीची असते. तयार उंची सात हवी तर सोळा सेंटीमीटर कापा, दोन शिलाईत जातील. रिबचे आणि ते दोन तुकडे सोडून उरलेल्या चामड्याच्या घेराचे आठ-आठ समान भाग करून खडूने खुणा करा, खुणेला खूण जुळवा आणि मधली रिब ताणत शिवा. एका टोकापासून अंदाजाने ओढत गेलात तर पाठीवर चुण्यांचा डोंगर आणि पोटावर सपाट पठार होईल. माझ्या पहिल्या प्रयत्नात तेच झालं.

शिवायचं कुठे, हा खरा प्रश्न. घरच्या पायमशीनवर पातळ मेंढीचं चामडं एकेरी शिवता येतं, पण चामड्याचे दोन थर आणि दुहेरी रिब म्हटलं की ते रडतं. मी साखर पेठेत एका अण्णांकडे गेलो, ते वर्षानुवर्षं बॅगा आणि गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. त्यांचं मशीन खालून-वरून दोन्हीकडून कापड ओढतं, थर एकमेकांवर सरकत नाहीत. जॅकेट बघून अण्णा म्हणाले, "चेन टाकायची ना? टाकतो की."

म्हटलं, "अण्णा, चेन शेवटी. आधी रिब."

"रिब कशाला ओ? रिब बरी दिसालीय की."

मी तिथेच जॅकेट घालून त्यांच्या स्टुलावर बसलो. अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला, वाकून चेनच्या टोकाला बोट लावलं आणि म्हणाले, "हां… हे बघा, इथं फाशी लागालीय." तेव्हापासून मीही त्याला फाशीच म्हणतो.

सुईबद्दल एक वाद आमच्यात झाला, तो तुमच्याही कामाचा आहे. चामड्याच्या सुईला टोकाशी पातं असतं, ती चामडं कापत जाते. तीच रिबवर चालवली तर विणीचा धागा कापते आणि दोन महिन्यांत तिथून शिडी धावते. होजिअरीची गोल टोकाची सुई रिबला बरी, पण चामड्यात नीट घुसत नाही. माझं चामडं पातळ, जेमतेम मिलीमीटरभर. म्हणून अण्णांनी साधी १६ नंबरची धारदार टोकाची सुई घातली आणि काम झालं. चामडं जाड असेल तर १८. धागा पॉलिस्टरचा, सुती नको. टाका साडेतीन ते चार मिलीमीटर. दर्जी सवयीने बारीक टाका घालतात आणि त्याला पक्की शिलाई म्हणतात, पण चामड्यात बारीक टाका म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड. ओढलं की भोकांच्या रेषेवरून फाटतं. कापडातली भोकं धुतल्यावर बुजतात, चामड्यातली बुजत नाहीत. म्हणूनच टाचण्याही लावू नका. कपडे वाळवायचे चिमटे किंवा बायकोच्या केसांच्या क्लिपा वापरा, विचारून.

चेनच्या जागेचं दुखणं तेच होतं. मूळची चेन आणि नंतर बदललेल्या दोन, म्हणजे त्या एका बोटाच्या पट्टीत भोकांच्या तीन रांगा. चौथी रांग पडली असती तर पट्टी हातात आली असती. म्हणून चेन मशीनवर बसवलीच नाही. जुनी शिलाई ब्लेडने एक-एक टाका कापून उसवली (खेचायची नाही), भोकांतले धाग्यांचे तुकडे चिमट्याने काढले, आतून बोटभर रुंद सुती फीत चिकटवली आणि जुन्याच भोकांतून हाताने शिवलं. एक धागा, दोन टोकांना दोन सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलटसुलट जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी पुढचे सुटत नाहीत. पंचावन्न सेंटीमीटर चेन, चार मिलीमीटरचा टाका, दोन बाजू: पावणेतीनशे भोकं. तीन रविवार गेले. घाई असेल तर सीट कव्हरवाल्याला सांगा की मशीनची सुई जुन्या भोकांवर नेऊन हाताने चाक फिरवत शिवा. ऐकणारा माणूस भेटला तर नशीब.

फाटलेल्या भागाला मागून ठिगळ. ठिगळाची कड रापीने, म्हणजे चामडं कापायच्या पात्याने, खरवडून पातळ करावी लागते, नाहीतर तिची धार बाहेरून उमटते. माझ्याकडे रापी नव्हती, कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या काकांनी दोन मिनिटांत करून दिली आणि पैसेही घेतले नाहीत. चिकटवायला चपलांचं पिवळं रबर सोल्यूशन, दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. डब्यावर दहा-पंधरा मिनिटं लिहिलेलं असतं, सोलापुरात मार्चनंतर त्याच्या निम्म्यात वाळतं. फेविक्विक अजिबात नको. ते काचेसारखं कडक होतं आणि वाकवलं की त्याच्या कडेवरून नवीन फाट पडते.

आता चेन. सपाट पसरूनही सुटत असेल तर आधी रनर बघा. वर्षानुवर्षं ओढून त्याचा मागचा जबडा फाकतो आणि दात एकमेकांत नीट बसत नाहीत. दोन्ही कडा पकडीने अगदी हलकं दाबायच्या, थोडं दाबून चालवून बघायचं, पुन्हा थोडं. जोर केला तर रनर तुटतो. याने एक थंडी निघेल. नवीन घ्यायची तर जुन्या रनरच्या पाठीवर आकडा कोरलेला असतो, ५ किंवा ८. तो चेन लावल्यावर दातांच्या रुंदीचा साधारण मिलीमीटरमधला आकडा. जॅकेटला ५ पुरते. जड चामडं असेल तर ८ घ्या. दुकानात 'ओपन एंड' म्हणून मागा, नाहीतर पर्सची बंद चेन गळ्यात मारतील. लांबी मोजताना फक्त दात मोजायचे, फीत नाही. नेमकी लांबी मिळाली नाही तर मोठी घेऊन वरून कमी करायची, खालून कधीच नाही. दात पकडीने उपटायचे आणि वरचा अडसर पुन्हा बसवायचा. बसवल्यावर दातांवर मेणबत्ती फिरवा. तेल नको, त्यावर धूळ बसते.

दोन रनरची, खालूनही उघडणारी चेन मिळते. ज्यांचं पोट पुढे आहे त्यांनी तीच घ्यावी, गाडीवर बसताना खालून चार बोटं उघडायची, संपलं. मी घेतली नाही. दोन्ही रनर एकावर एक पार तळाला आणून मगच पिन खुपसावी लागते, आणि सकाळी सहाला हातमोजे घालून ते मला जमणार नाही हे मला माहीत आहे.

अस्तर बगलेत फाटण्याची तक्रारही याच जातीची. हँडल धरलं की पाठ रुंद होते, चामडं थोडं ताणतं, अस्तर ताणत नाही. अमेरिकी नौदलाच्या जी-वन जॅकेटला पाठीवर खांद्यामागे दोन घड्या असतात, हात पुढे गेले की त्या उघडतात. ए-टूची पाठ सपाट असते. चामड्यात घडी घालणं आपलं काम नाही, पण अस्तरात जमते. फाटलेलं अस्तर बदलताना पाठीच्या मधोमध वरपासून खाली अडीच-तीन सेंटीमीटरची सैल घडी ठेवा. रफू करत बसू नका.

मित्राने सुचवलं होतं की अस्तर सोलापुरी चादरीचं लाव, इन्स्टाग्रामवर टाकू. लावून बघितलं, फक्त पाठीला. ऊब भरपूर, पण शर्ट तिला असा चिकटतो की जॅकेट घालताना शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत गोळा होतात, आणि कापलेली कड ओव्हरलॉक केल्याशिवाय दशा सोडत राहते. शेवटी पाठ उसवली आणि उरलेल्या चादरीचा आतला खिसा केला. मोबाइल त्यात घट्ट बसतो, गाडीच्या हादऱ्याने सरकत नाही. बाह्यांना मात्र गुळगुळीत सॅटिनच हवं.

दोन गोष्टी करू नका. एक, चामडं मऊ करायला खोबरेल तेल. आमच्या आईने प्रेमाने कॉलरला चोळलं होतं. काळे डाग पडले, धूळ बसली, आणि तेल प्यालेल्या जागी सोल्यूशन धरेना. दुसरी, साल निघणारं जॅकेट दुरुस्त करायला घेऊ नका. खिशाच्या आतली कापलेली कड बघा. तिथे तंतू दिसले तर चामडं. वर पातळ पापुद्रा आणि खाली कापडाची वीण दिसली तर ते पीयू, म्हणजे नकली चामडं, आणि ते उष्णता आणि दमटपणाने कपाटातल्या कपाटातही सुटतं. त्यावर रिबचे आणि अण्णांच्या मजुरीचे पैसे घालणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग.

खर्च म्हणाल तर रिब १४० रुपये, चेन ९०, धागा-फीत-सोल्यूशन मिळून शंभराच्या आसपास, अण्णांची मजुरी ३००. चामडं बायकोच्या जुन्या पर्सचं, त्याचा हिशोब अजून चालू आहे.

डिसेंबरपासून रोज जातोय-येतोय, गड्डाही झाला. होम मैदानावर मांडी घालून बसलो, चेन जागची हलली नाही. डाव्या खिशाचं टिचबटण मात्र त्याच रात्री गेलं. ते ठोकून बसवायचा पंच अण्णांकडे आहे, पण त्यांनी सांगितलंय, येताना उरलेली रिब घेऊन या. त्यांच्या नातवाच्या जॅकेटला पण फाशी लागालीय.